जावयाच्या होकाराची खिडकी

गव्हाण्यांच्या स्वयंपाकघरात सकाळपासून पुरण शिजत होतं आणि बाहेरच्या खोलीत जावयाला कसं बोलायचं याची तालीम चालली होती.

अधिक महिना होता. बार्शीकडं या महिन्यात लेक-जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात. कणकेच्या गोळ्यात पुरण भरायचं, ते उकडायचं आणि वरून तुपाची धार सोडायची. लेक-जावई म्हणजे लक्ष्मीनारायणाचा जोडा. त्यांचे पाय धुवायचे, त्यांना नवे कपडे करायचे आणि वर हात जोडून म्हणायचं, की काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. गव्हाण्यांकडंही हे सगळं यथासांग होत असे. या खेपेला फरक एवढाच होता, की नारायणाला जेवू घालून तिथूनच व्यसनमुक्ती केंद्रात पाठवायचं ठरलं होतं.

तालीम घेत होत्या सोलापूरहून आलेल्या हेमांगी सोनटक्के. धंद्यानं मनवळवणीकार. हा शब्द आता सरकारी परवान्यावरसुद्धा छापून येतो, पण गव्हाण्यांकडं त्यांना ‘त्या मनवळवणीवाल्या बाई’ असंच म्हणत. व्यसनात बुडालेल्या माणसाला उपचार घ्यायला तयार करायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या मनगटात काचेसारखं दिसणारं एक करडं कडं होतं. त्या बोलत असताना घरातलं कुणीही त्यांच्या तोंडाकडं बघत नव्हतं, सगळे कड्याकडं बघत होते.

“म्हणजे हे हिरवं झालं की बोलायचं,” घरमालक दिगंबरराव गव्हाणे म्हणाले.

“हो काका. तेव्हाच. एरवी बोलून उपयोग नाही.”

“एरवी तर आम्ही किती वर्षं बोलतोच आहोत.”

“काय बोलता?”

दिगंबरराव विचारात पडले. “म्हणजे, आपसात,” ते म्हणाले.

हेमांगीताईंना हे उत्तर घरोघरी मिळे. त्यांनी पिशवीतून कुंकवाच्या टिकलीएवढी एक पारदर्शक टिकली काढून तळहातावर धरली. अशीच एक जावयाच्या कानामागं गेला महिनाभर चिकटलेली होती. “व्यसनी माणूस ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्या डोक्यात दोघं जण सतत ओरडत असतात. एक म्हणतो, आत्ता दे. दुसरा म्हणतो, दारू सुटली तर तू मेलास. त्या गोंगाटात तुमचं बोलणं आत पोचत नाही. पण अधूनमधून हे दोघंही एकदम गप्प होतात. चार-पाच मिनिटं, फार तर दहा. का होतात ते अजून कुणाला धड कळलेलं नाही. पण तेव्हा घामातली रसायनं बदलतात, ती ही टिकली ओळखते आणि माझं कडं हिरवं होतं. त्याला आम्ही होकारखिडकी म्हणतो. त्या वेळात माणूस मनापासून हो म्हणू शकतो.”

“मुहूर्तच की मग,” उज्ज्वलाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. त्या जावयाच्या सासूबाई. हाताला कणीक, कपाळाला घाम. “आधी बोलला असतात तर गुरुजींनाच विचारलं असतं.”

“हा मुहूर्त पंचांगात नसतो काकू. त्यांच्या घामात असतो.”

“घामाचं काय घेऊन बसलात. धोंडे खाताना येतोच त्यांना.”

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र यात काही नव्हतं. जावई पुष्कराज नाईकनवरे पवनचक्क्या दुरुस्त करायचा. शंभर मीटर उंच खांबावर चढून वाऱ्यात लोंबकळत काम करणारा गडी, आता त्याला कंपनीनं गोदामात नटबोल्टांच्या पेट्यांवर बसवलं होतं, कारण हात थरथरत. दिवाळीत त्याचं स्वादुपिंड सुजलं. दवाखान्यात तो असा तळमळत होता, की बाहेरच्या बाकावर बसलेल्या उज्ज्वलाबाईंनी कानात पदराचे बोळे घातले होते. तो घरी निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा सुजलं तर मला बोलवू नका, नातेवाइकांना बोलवा. त्यानंतर तो काही आठवडे बाटलीपासून लांब राहिला आणि मग पुन्हा प्यायला लागला. कानामागची टिकली त्यानं डॉक्टरांच्या सांगण्यावरून स्वतःच लावून घेतली होती. “लावा,” तो म्हणाला होता, “आणि तो सिग्नल हवा त्याला द्या. माझी कसली खिडकी उघडतेय.”

खिडकी उघडत होती. आठवड्यातून दोन-तीनदा उघडत होती. टिकली आणखीही एक गोष्ट सांगत होती, ती हेमांगीताईंनी त्याची बायको ऋतुजा हिला एकटीला बाजूला घेऊन सांगितली होती. ऋतुजा बोलायला लागली की पुष्कराजच्या मेंदूत आता काहीही हलत नव्हतं. ती इतकं बोलली होती, रडली होती, भांडली होती, की तिचा आवाज त्याला पंख्याच्या आवाजासारखा सवयीचा झाला होता. हलायचं ते सासूबाईंचा फोन आला की. ऋतुजानं हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग आईला बोलू दे. मी गप्प बसते.” ते बोलताना तिचं तोंड पार उतरलं होतं.

म्हणून आजचा बेत. पुष्कराजच्या स्वतःच्या घरी कुणी विषय काढला की तो चप्पल घालून बाहेर पडे. सासुरवाडीला, अधिक महिन्यात, धोंड्याच्या पानावरून उठून जाणं त्याला जमणार नाही, असा हेमांगीताईंचा हिशेब होता. केंद्राची बिनचालकाची पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली होती. शेजाऱ्यांना फ्रीज दुरुस्तीची म्हणून सांगितलं होतं.

तालमीत ऋतुजाचा धाकटा भाऊ तेजस जावई झाला. खांद्यावर टॉवेल टाकून तो पाटावर बसला.

“स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एकच प्रसंग सांगायचा,” हेमांगीताई म्हणाल्या. “उपदेश नाही, शिव्या नाहीत. काय झालं आणि मला कसं वाटलं, एवढंच. शेवटी म्हणायचं, म्हणून आज उपचाराला चला.”

सगळ्यांनी नंबर लावला. दिगंबररावांनी तर असा प्रसंग सांगितला, की हेमांगीताईंच्याही डोळ्यांत पाणी आलं. उज्ज्वलाबाई सुरुवात दारूनं करून ओल्या टॉवेलावर, मग तेजसच्या राहिलेल्या विषयांवर आणि शेवटी त्यानं परवा उघड्या ठेवलेल्या दुधाच्या पातेल्यावर गेल्या, पण धार अशी होती, की तेजस खरोखर मान खाली घालून बसला.

“उत्तम,” हेमांगीताई म्हणाल्या. “अगदी असंच बोला. खिडकी उघडली की मी खूण करीन. म्हणेन, जरा पाणी मिळेल का?”

आता ही बाई हुशार, अनुभवी, परवानाधारक. पण मराठी घरात पाहुण्यानं पाणी मागावं आणि यजमानांनी ती खूण समजून जागेवर बसून राहावं, हे तिला शक्य वाटलं कसं, हे तिचं तिला ठाऊक. शिवाय तालीम झाली होती ती तेजससमोर. तेजस घरचा पोरगा, त्याला कुणीही काहीही बोलावं. जावई म्हटलं की या घराच्या जिभेला वेगळंच वळण होतं.

दुपारी ऋतुजा गाडी चालवत आली. पुष्कराज शेजारी बसला होता, पांढरा झब्बा, तोंडात वेलदोडा. हात थरथरू नयेत म्हणून त्यानं ते मांड्यांवर दाबून धरले होते. पण माणूस असा, की आल्या आल्या अर्ध्या गल्लीची चौकशी केली, आणि तोंडाशी उभी गाडी फ्रीजवाल्याची हेही त्याला शेजाऱ्यांकडून कळलं. हेमांगीताईंची ओळख ऋतुजाच्या मावसबहिणीची नणंद अशी करून देण्यात आली. अशा नात्याची कुणी कधी खातरजमा करत नाही. पुष्कराजनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि त्याची नजर कड्यावर पडली.

पितळी परातीत पाय ठेवून जोडपं पाटावर बसलं. दिगंबररावांनी तांब्यातून पाण्याची धार धरली आणि उज्ज्वलाबाई जावयाचे पाय धुवायला वाकल्या. पुष्कराज खाली बघत होता. समोर सासूबाईंचा पांढरा होत चाललेला भांग, पायावर त्यांची खरबरीत बोटं. त्याची आई तो कॉलेजात असतानाच गेली होती.

कडं हिरवं झालं.

हेमांगीताईंना एवढ्या लवकर अपेक्षा नव्हती. त्या सावरून बसल्या. “जरा पाणी मिळेल का?”

“अगं बाई, पाहुण्यांना पाणीच विचारलं नाही कुणी,” म्हणत उज्ज्वलाबाई जावयाचा पाय परातीत तसाच सोडून आत गेल्या. तेजस फ्रीजकडं धावला. दिगंबररावांनी हातातल्या तांब्याकडं बघितलं, तो पुढं करावा की काय याचा विचार केला आणि मग तेही भांडं शोधायला गेले. खोलीत उरले लक्ष्मीनारायण, हेमांगीताई आणि हिरवं कडं. ऋतुजानं डोळे मिटून घेतले. तिनं बोलायचं नव्हतं.

“पाय काढू का मी?” पुष्कराजनं विचारलं.

तिघं तीन भांडी घेऊन परत आले तोवर कडं करडं झालं होतं. हेमांगीताईंनी तिन्ही भांडी रिकामी केली. नाही म्हणायची सोय नव्हती.

पानं वाढली. उज्ज्वलाबाईंना कोपऱ्यात घेऊन हेमांगीताईंनी पुन्हा समजावलं, की मी पाणी मागितलं तर मला पाणी नको आहे. “मग मागता कशाला?” उज्ज्वलाबाई म्हणाल्या, पण लक्षात ठेवते म्हणाल्या. पुष्कराजच्या खांद्यावर त्यांनी नवं उपरणं घातलं, जरीकाठी, गर्द हिरवं. बार्शीतली चार दुकानं पालथी घालून आणलेलं. पोशाखाचं ताट, नारळ, औक्षण, सगळं झालं. पुष्कराज धोंड्याला बोट लावून बसला होता, खात नव्हता.

“दाजी, वर चढलं की भीती नाही वाटत?” तेजसनं विचारलं. हे तालमीत नव्हतं, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“पहिल्यांदा वाटते. मग खांबाच्या टोकावरचं झाकण उघडून डोकं बाहेर काढलं, की खाली सगळं एवढंसं दिसतं. आणि वारा. बाकी काही ऐकूच येत नाही.” तो थांबला. “फार बरं वाटायचं तिथं.”

कडं हिरवं झालं. हेमांगीताईंनी पाणी मागितलं. उज्ज्वलाबाई अर्ध्या उठल्या, हेमांगीताईंनी डोळे वटारले, त्या पुन्हा बसल्या. दिगंबररावांनी उभं राहून घसा साफ केला.

दिगंबररावांविषयी एक सांगायला हवं. ते निवृत्त मुख्याध्यापक, पण बार्शी त्यांना ओळखते ती सूत्रसंचालक म्हणून. कुणाचा सत्कार असो की निरोप समारंभ, माइक त्यांच्याच हातात. आणि आज समोर पाटावर एक माणूस खांद्यावर उपरणं घेऊन, पुढ्यात नारळ ठेवून बसला होता.

“त्या दिवशी, तेजसच्या साखरपुड्याला,” ते म्हणाले आणि त्यांचा आवाज नेमका हवा तसा कापला. प्रसंग असा होता, की पुष्कराज दारू पिऊन मांडवाच्या दारात चपलांच्या ढिगावर झोपला होता आणि मुलीकडची माणसं त्याला ओलांडून आत जात होती. “त्या दिवशी आमचे जावई…” समोरचं उपरणं त्यांना दिसलं. “आमचे जावईबापू मांडवाच्या दारात स्वतः जातीनं उपस्थित होते. आल्या-गेल्या प्रत्येकाचं त्यांनी अगदी जवळून स्वागत केलं. मंडळी, मोठेपणा विसरून पायरीशी बसणारी माणसं आज दुर्मीळ झाली आहेत. अशा या…”

तेजसला ठसका लागला. ऋतुजा पानाकडं बघत राहिली. दिगंबररावांना आपण कुठं चाललो आहोत ते कळत होतं, पण ब्रेक सापडत नव्हता. “…अशा या व्यक्तिमत्त्वाला पुढील वाटचालीस शुभेच्छा देऊन मी माझे दोन शब्द संपवतो,” असं म्हणून ते घाम पुसत खाली बसले.

कडं करडं झालं.

मग तेजसनं प्रयत्न केला. दाजींना बसस्थानकावरून उचलून आणावं लागलं होतं ती रात्र त्याला सांगायची होती, पण “मला यायला त्या दिवशी जरा उशीर झाला, माफ करा दाजी,” एवढंच तोंडातून आलं. आणखी एकदा, अगदी थोडा वेळ, काच हिरवट झाली. तेव्हा उज्ज्वलाबाईंची पाळी होती. त्यांनी जावयाच्या तोंडाकडं बघितलं, ओठ उघडले, मिटले, आणि हात आपोआप तुपाच्या वाटीकडं गेला. “काही घेतच नाहीत तुम्ही पुष्कराजराव. एक तरी घ्या. माझ्यासाठी.”

पुष्कराजनं पानावर आडवा हात धरला. धार त्याच्या मनगटावर पडली.

“ताई,” तो हेमांगीताईंना म्हणाला, “पाणी पुरे करा आता. त्रास होईल तुम्हाला. कडं आल्या आल्याच दिसलं मला.”

हेमांगीताईंनी कड्यावर हात ठेवला.

“आणि कडं बघायची गरज नाही. आतून कळतं मला. एकदम शांत होतं. तेव्हा वाटतं, आत्ता कुणी काही म्हणालं तर आपण ऐकू. मी वाट बघतो. मग कुणी तरी म्हणतं, तूप वाढू का.” तो हसला, पण हसू तोंडावर टिकलं नाही. “आता बंद झाली. आता मला कुणी काही सांगू नका. मी येणार नाही. हात धुतो.”

तो उठला. धोंड्याच्या पानावरून जावई उठून जाणार नाही हा हिशेबही असा चुकला. हेमांगीताई जागच्या जागी बसून राहिल्या. त्यांच्या कारकिर्दीत खिडक्या उघडत नाहीत म्हणून कामं फसली होती, उघडलेली खिडकी आग्रहानं बंद करणारं घर त्यांनी प्रथमच पाहिलं. खिडकी बंद असताना गाठलेला माणूस आणखी बिथरतो, हे त्या गावोगाव सांगत आल्या होत्या. आता पुढच्या खिडकीपर्यंत त्याचं स्वादुपिंड थांबेल का, हा एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कड्यात नव्हतं.

उज्ज्वलाबाई मात्र उठल्या. पान अर्धं टाकून जावई गेला, निदान एक धोंडा तरी हातात द्यावा, एवढाच त्यांचा विचार होता. वाटी घेऊन त्या मागच्या दारानं गेल्या.

घराच्या मागं लावलेल्या आपल्या गाडीच्या उघड्या डिकीशी पुष्कराज पाठमोरा उभा होता. बाटली अजून उघडली नव्हती, हात फार थरथरत होते. ती हातातून निसटू नये म्हणून त्यानं ती खांद्यावरच्या उपरण्यात गुंडाळून छातीशी धरली होती आणि दातांनी बूच उघडायला बघत होता.

उज्ज्वलाबाईंनी ते उपरणं बघितलं. जरीचा काठ बुचापाशी चुरगळला होता.

“अरे ए,” त्या म्हणाल्या.

पुष्कराज दचकून वळला. या घरात त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं.

“काय करतोस रे? कशाला गुंडाळलंस माझं उपरणं? चार दुकानं फिरले मी त्याच्यासाठी, गुडघे धरून फिरले. बाटलीला आणलं होतं का ते? इकडं बघ. माझ्याकडं बघ पुष्कराज. तू दवाखान्यात गुरासारखा ओरडत होतास तेव्हा मी बाहेर बसले होते. तुझ्या बापाला फोन करायचा धीर होत नव्हता कुणाला. आणि तू पुन्हा तेच तोंडाला लावतोस? त्या पोरीकडं बघितलंस का कधी? बोलायची थांबलीय ती. माझी पोर, दिवसभर चिमणीसारखी बोलायची, ती थांबलीय. तू मेलास तर पुढच्या अधिकात मी कुणाचे पाय धुवायचे रे? सांग ना. गप्प का?”

आवाज ऐकून सगळे मागच्या दारात गोळा झाले. जावयाला अरे-तुरे ऐकून दिगंबररावांचा चेहरा पांढरा पडला होता. हेमांगीताईंनी कडं बघितलं. काच राखेसारखी करडी होती, कधी नव्हती इतकी. “काकू, थांबा,” त्या म्हणाल्या, “खिडकी बंद आहे. पूर्ण बंद आहे.”

“असू दे बंद,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. वाटीतला धोंडा अजून हातातच होता.

पुष्कराज डिकीच्या कडेवर बसला. उपरण्यातली बाटली त्यानं बाजूला ठेवली, पण हात तिच्यावरून काढला नाही. मग म्हणाला, “असं बोलायला एवढी वर्षं लावलीत? मला वाटायचं, मी या घरात पाहुणाच आहे.” आणि मग, “जातो मी. बोलवा ती फ्रीजची गाडी.”

पांढरी गाडी गल्लीतून हळूहळू मागच्या दाराशी आली. पुष्कराज तिच्यासमोर उभा राहिला. दार उघडलं नाही.

“क्षमस्व,” गाडी मृदू आवाजात म्हणाली. “प्रवाशाची होकारखिडकी बंद आहे. या अवस्थेतला होकार ग्राह्य धरता येत नाही.”

“अहो, पण मी हो म्हणतोय.”

“क्षमस्व,” गाडी म्हणाली.

सगळ्यांनी हेमांगीताईंकडं बघितलं. त्या कानकोंड्या झाल्या. पूर्वी घरचे लोक माणसाला धाकदपटशानं हो म्हणायला लावत आणि गाडीत कोंबत. घाबरून दिलेला होकार हा होकार नव्हे, असा नियम व्हावा म्हणून त्यांनी स्वतः भाषणं केली होती. नियम चांगला होता. आत्ताही त्यांना तो चांगलाच वाटत होता.

“मग उघडू या की खिडकी,” उज्ज्वलाबाई डोळे पुसत म्हणाल्या आणि आत जाऊन परात घेऊन आल्या. मघाशी पाय धुताना उघडली होती ना. भर गल्लीत पुष्कराजला पाटावर बसवून त्यांनी पुन्हा त्याचे पाय धुतले. शेजारच्या गच्चीवर माणसं जमली. कडं ढिम्म. तेजसनं वाऱ्याविषयी विचारून पाहिलं. दिगंबरराव दोन शब्द बोलायला पुढं सरसावले, त्यांना सगळ्यांनी मिळून गप्प केलं.

“राहू द्या आता,” पुष्कराज म्हणाला. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

“प्यावंसं वाटतंय?” हेमांगीताईंनी विचारलं.

“भयंकर. त्या डिकीशिवाय मला दुसरं काही दिसत नाही.”

“मग हो कसं म्हणताय?”

“माहीत नाही ताई. खिडकी उघडी असती तर सोपं गेलं असतं, एवढं कळतं.”

“शास्त्र म्हणतं हा होकार खरा नाही.”

“असेल. माझ्याकडं आत्ता हाच आहे.”

हेमांगीताई त्याच्या कपाळावरच्या घामाकडं बघत राहिल्या. खिडकीतून आलेले शेकडो होकार त्यांनी गाडीत बसवले होते. त्यातला एकही असा घामानं थबथबलेला नव्हता.

इतका वेळ भिंतीला टेकून उभी असलेली ऋतुजा पुढं आली. तिनं डिकीतली बाटली उचलली आणि जवळ जे कुणी होतं त्याच्या हातात दिली. ते दिगंबरराव होते. अर्धी गल्ली बघत असताना बार्शीचे मुख्याध्यापक जरीच्या उपरण्यात गुंडाळलेली बाटली दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

“आपल्या गाडीनं जाऊ,” ती हेमांगीताईंना म्हणाली. “केंद्राच्या फाटकाशी थांबू. खिडकी उघडेल तेव्हा आत नेतील ना?”

“नेतील. फाटकावर डॉक्टर असतात, तोवर काही त्रास झाला तर बघतील. पण कधी उघडेल सांगता येत नाही. उद्या उजाडेल, परवा उजाडेल. आणि मधेच ते परत फिरतो म्हणाले तर मला थांबवता येणार नाही.”

“मला तरी आजवर कुठं थांबवता आलं?” ऋतुजा म्हणाली.

ती चालकाच्या जागी बसली. पुष्कराज शेजारी. मागं उज्ज्वलाबाई धोंड्यांचा डबा मांडीवर घेऊन आल्या आणि त्यांच्या बाजूला हेमांगीताई. मनवळवणीकारानं ग्राह्य नसलेल्या होकाराबरोबर प्रवास करावा की नाही, याबद्दल नियमात काही नव्हतं, म्हणून त्या बसल्या.

ऋतुजानं गाडी चालू केली, पण पुढं नेली नाही. तिनं दोन्ही हात चाकावर ठेवले होते. ती नवऱ्याकडं बघत होती. दिवसभरात ती त्याच्याशी प्रथमच बोलली.

“तिथं जाऊन नाही म्हणालास तर?”

पुष्कराजनं दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले होते, तरी सीट हलत होती. त्यानं तिच्याकडं नीट बघितलं.

“म्हणेनच ना मी. अर्ध्या वाटेतच म्हणेन,” तो म्हणाला. “मग थांबलीस कशाला?”